दहावा मैल, बासष्ट क्रेट आणि ओढून नेलेली पिकअप

थकलेल्या हप्त्यांपायी फायनान्स कंपनीच्या माणसांनी गाडी ताब्यात घेताना भरलेल्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे गाडीतल्या वस्तूंच्या यादीच्या, कागदावर स्टेपनीसमोर बरोबरची खूण होती. जॅक, बॅटरी, टेप, ताडपत्री, सगळ्यांसमोर तशीच खूण. किलोमीटरच्या रकान्यात १,१२,४३० हा आकडा. सगळ्यात खाली 'गाडीतील सामान' असा रकाना होता आणि त्यात एकच शब्द लिहिला होता: निरंक. त्या वेळी गाडीत टोमॅटोचे ६२ क्रेट होते.

प्रकरण सप्टेंबर २०२४चं. मी नाशिकला वकिली करते आणि ग्राहकांच्या तक्रारी बऱ्याच चालवते. गाडीमालकाचं नाव इथे देत नाही. त्यांना मी पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणेन. फायनान्स कंपनी, तिची शाखा आणि पोलीस ठाणं यांची नावंही मुद्दाम गाळली आहेत.

भाऊंची एकच पिकअप. मखमलाबाद-मातोरी पट्ट्यातला शेतमाल भरायचा, हंगामाप्रमाणे पिंपळगावला नाहीतर पंचवटीच्या मार्केट यार्डात टाकायचा. २०२२च्या सुरुवातीला ७ लाख ८० हजारांचं कर्ज काढून गाडी घेतली. हप्ता २१,३१५ रुपयांचा, असे ४८. जून २०२४पर्यंतचे २९ हप्ते त्यांनी भरले, त्यातले दोन-तीन उशिरा, पण भरले. जूनच्या शेवटी इंजिन उघडावं लागलं. गाडी महिनाभराहून जास्त गॅरेजला उभी राहिली आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा झाला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन हप्ते बाउन्स झाले. वसुलीचे फोन येऊ लागले तेव्हा भाऊंनी आधी उत्तरं दिली, मग फोन उचलणंच बंद केलं. ही त्यांची चूक होती. प्रकरण ऐकताना सगळे ती बाजू गाळतात, म्हणून आधीच सांगून टाकते.

१९ सप्टेंबर, गुरुवार. विसर्जनाला दोन दिवस झाले होते, पितृपक्ष लागला होता. भाऊंच्या वडिलांचं पित्र द्वितीयेचं, म्हणून ते घरी थांबले आणि गाडी भाच्याकडे दिली. भाचा बावीस वर्षांचा, लायसनवाला, हुशार. साडेअकराच्या सुमारास महामार्गावरच्या 'दहावा मैल' या ठिकाणाच्या अलीकडे एक कार आडवी आली आणि मागून दोन मोटारसायकली. चौघे-पाच जण होते. मारहाण झाली नाही. एकाने खिडकीतून हात घालून चावी काढली, दुसऱ्याने सांगितलं, 'तीन हप्ते थकलेत, गाडी जमा कर, मामाला शाखेत पाठव.' मग दोन कागद पुढे आले. एक ती इन्व्हेंटरी. दुसरा इंग्रजीत छापलेला, खाली सहीची जागा. भाच्याने दोन्हींवर सही केली, तारीख घातली. नशीब एवढंच की सही करण्याआधी त्याने मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढून ठेवले.

दुसरा कागद म्हणजे 'मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना गाडी कंपनीच्या स्वाधीन करत आहे' असं पत्र. अशा प्रकरणांत माणसाची गाडी रस्त्यावर जाते, पण केस जाते ती या पत्राने. पुढे कधीही 'जबरदस्तीने नेली' म्हटलं की कंपनी हाच कागद काढते. इथे तो थोडा लंगडा होता, कारण कर्ज मामाचं आणि सही भाच्याची. ज्याचं कर्ज नाही, ज्याची गाडी नाही, त्याच्या खुशीने गाडी जमा कशी होईल? भाऊंनी स्वतः सही केली असती तर हा प्रश्न विचारायची सोयच राहिली नसती.

संध्याकाळी सीबीएस बसस्थानकासमोरच्या माझ्या ऑफिसात मामा, मामी आणि भाचा आले. बसायच्या आधीच भाच्याने मोबाइल पुढे केला. एक रील होतं. त्यात कुणीतरी ठणकावून सांगत होतं की सुप्रीम कोर्टाने फायनान्सवाल्यांना गाडी उचलायला बंदी घातली आहे, सरळ दरोड्याचा गुन्हा दाखल करा.

'मॅडम, मग गुन्हाच टाकू ना आपण.'

'असं नाहीये रे ते,' मी म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला.

सुप्रीम कोर्टाने काय म्हटलंय ते नीट पाहावं लागतं. २००७च्या प्रकाश कौर प्रकरणात कोर्टाने बँकेला चांगलंच फटकारलं: देशात कायद्याचं राज्य आहे, कर्जवसुली किंवा गाडीचा ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यायचा, त्यासाठी गुंड पाठवता येणार नाहीत. रीलमध्ये अर्धमुर्धं आलेलं वाक्य हेच. पण २०१२मध्ये अनुप सरमा प्रकरणात त्याच कोर्टाने सांगितलं की भाडेखरेदीच्या करारात हप्ते थकल्यावर फायनान्सरने कराराप्रमाणे गाडी परत घेतली तर ती चोरी होत नाही. आणि १ ऑक्टोबर २०२०चा मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणातला निकाल या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. हप्ते थकले, करारात ताब्याचं कलम आहे, बळ वापरलं नाही, तर ताबा घेणं बेकायदा नाही. मात्र करारात आधी नोटीस द्यायचं ठरलं असेल आणि ती दिली नसेल, तर ती सेवेतली त्रुटी. त्या प्रकरणात ग्राहकाला शेवटी हातात काय मिळालं? १५,००० रुपये. खालच्या ग्राहक आयोगांनी देऊ केलेली मोठी रक्कम सुप्रीम कोर्टाने रद्द केली. हा आकडा मी अशिलांना पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे मनातल्या लाखांच्या भरपाईला थोडा लगाम बसतो.

वकिलाला इथे भांडायला जागा आहे, ती वेगळी. सरमा आणि मॅग्मा हे निकाल भाडेखरेदीच्या करारांवरचे, त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्सर असतो. आता बहुतेकांच्या हातात असतो तो कर्जाचा करार: गाडी कर्जदाराच्या नावावर, आरसी बुकात कंपनीचा बोजा चढवलेला. पण हा मुद्दा वरच्या कोर्टात रंगवायचा. सप्टेंबरात, गाडी जमा गाड्यांच्या यार्डात असताना, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

भाच्याने आणखी एक बातमी दाखवली, पाटणा हायकोर्टाची, मे २०२३ची. वसुली एजंटांकरवी जबरदस्तीने गाड्या उचलणं हे जगण्याच्या हक्कावरच घाला घालणं आहे, असं म्हणत त्या कोर्टाने कंपन्यांना दंड केला होता. निकाल चांगला आहे आणि मी तो तक्रारीत जोडलाही. पण दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसतो. शिवाय त्यात तारण ताब्यात घेण्याच्या ज्या सरफेसी कायद्यावर भर आहे, त्याची ६० दिवसांच्या नोटिशीची तरतूद बिगरबँक फायनान्स कंपनीला २० लाखांच्या खालच्या कर्जासाठी वापरताच येत नाही. भाऊंचं कर्ज त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे त्या वाटेने कंपनीला अधिकार नाही आणि भाऊंना संरक्षणही नाही. मग उरतो करार.

करार कुठे आहे? भाऊंनी बायकोकडे पाहिलं, तिने पिशवीतून फाइल काढली. फाइलमध्ये विमा होता, कोटेशन होतं, हप्त्यांचा तक्ता होता. करार नव्हता. शोरूममध्ये तीसेक सह्या केल्या होत्या एवढं भाऊंना आठवत होतं.

पण सगळ्यात आधी क्रेटचं बघावं लागलं. माल भाऊंचा नव्हता, तीन शेतकऱ्यांचा होता. कंपनीचा बोजा गाडीवर असतो, गाडीत भरलेल्या दुसऱ्याच्या मालावर नसतो. तो अडकवून ठेवायला करारातलं कुठलंच कलम पुरत नाही. मी शाखेतल्या मॅनेजरला फोन केला. ते म्हणाले, 'इन्व्हेंटरीत तर माल दिसत नाही.' मी भाच्याने रस्त्यावर काढलेला आणखी एक फोटो पाठवला. त्यात सीझिंगवाल्यांची कार पिकअपला आडवी उभी होती आणि मागे हौद्यात क्रेटांच्या रांगा दिसत होत्या, वर ताडपत्री अर्धवट ओढलेली. पंधरा मिनिटांनी मॅनेजरचा फोन आला: उद्या सकाळी विल्होळीच्या यार्डातून माल उतरवून घ्या. शुक्रवारी सकाळी दुसरा टेम्पो नेला, ६२ क्रेट मोजून उतरवले, व्हिडिओ केला. एक दिवस उन्हात पत्र्यामागे राहिलेला टोमॅटो. खालच्या थरातून पाणी गळत होतं. शेतकऱ्यांना भाऊंनी १४,००० रुपये पदरचे दिले, तेही उसने आणून. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात कंपनीची सगळ्यात न पटणारी वागणूक ही होती. हप्ता भाऊंचा थकला होता, त्या तीन शेतकऱ्यांचं कुणाचंच काही देणं नव्हतं.

पोलिसांकडे भाऊ गुरुवारीच जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं, '११२ला फोन केला, पोलिसांची गाडी आली, म्हणाले फायनान्सचा विषय आहे, दिवाणी आहे, वकील बघा.' हे उत्तर अर्धं बरोबर असतं. ताबा कराराप्रमाणे घेतला की नाही हा दिवाणी वाद, पण भर महामार्गावर कार आडवी घालून माणसाला अडवणं आणि चावी हिसकावणं याला करार परवानगी देऊ शकत नाही. म्हणून अर्ज नव्याने लिहिला. 'गाडी चोरली' हा शब्द त्यातून काढून टाकला. वाट अडवली, चावी खेचून घेतली, न वाचू देता सही घेतली, दुसऱ्याचा माल नेला, एवढंच लिहिलं. वेळ, जागा आणि मोटारसायकलींचे नंबर दिले. गुन्हा नोंदला गेला नाही. आवक शिक्का मात्र मिळाला, आणि पुढे तोच उपयोगी पडला, कारण त्या शिक्क्यामुळे 'स्वखुशी'च्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशीची तक्रार कागदावर आली होती.

शनिवारी, २१ तारखेला, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हे नाव आणि संपर्क प्रत्येक शाखेत दर्शनी लावलेला असतो, भाच्याने तिथूनच फोटो काढून आणला. मागितलं एवढंच: कराराची प्रत, खात्याचा पूर्ण उतारा, ताब्याआधी दिलेली नोटीस आणि ती पाठवल्याची पावती, ज्या एजन्सीने गाडी नेली तिचं अधिकारपत्र. फोनवर कितीही बोला, त्याचा माग राहत नाही.

सोमवारी भाऊंनी तिन्ही थकलेले हप्ते आणि बाउन्सचे पैसे मिळून ६५,७१५ रुपये थेट कर्जखात्यात भरले. वहिनींच्या बचत गटातून काही, मेव्हण्याकडून काही. मी आधी कचरले होते. गाडी त्यांच्याकडे आणि पैसेही त्यांच्याकडे, असं व्हायला नको होतं. पण थकबाकी शून्य असलेल्या माणसाच्या गाडीचा लिलाव करणं कंपनीला जड जातं हा माझा अनुभव. पैसे भरले त्याच दुपारी ईमेल केला की ही रक्कम सर्व हक्क राखून भरली आहे. हे तीन शब्द लिहिले नाहीत तर उद्या समोरचा म्हणतो, वाद होता तर भरले कशाला?

बुधवारी कराराची पीडीएफ आली. ३८ पानं, बारीक इंग्रजी. रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते की गाडी ताब्यात घेण्याचं कलम करारात असलं तर त्यात ताब्यापूर्वी नोटीस किती दिवसांची, ती कधी न देता चालेल, ताबा कसा घ्यायचा, विक्रीआधी कर्जदाराला शेवटची संधी कशी, गाडी परत कशी द्यायची आणि लिलाव कसा करायचा, हे सगळं असलं पाहिजे. होतं. सव्विसाव्या पानावर सात दिवसांची लेखी नोटीस. अपवाद एकच: कर्जदार गाडी लपवतोय, विकतोय किंवा मोडतोय असं दिसलं तर. रोज पिंपळगावच्या बाजारात उभी राहणारी गाडी लपवलेली कशी म्हणणार?

नोटीस पाठवली होती, असं कंपनीचं म्हणणं. ऑगस्टमध्ये, रजिस्टर्ड पोस्टाने. पाकीट 'पत्ता सोडून गेले' अशा शेऱ्यासह परत आलेलं. पत्ता होता मखमलाबादच्या भाड्याच्या खोल्यांचा, जिथून भाऊ २०२३च्या दिवाळीतच निघाले होते. इथे आमची बाजू पातळ होती. पत्ता बदलल्याचं लेखी कळवायची जबाबदारी करारात कर्जदारावर टाकलेली होती आणि भाऊंनी शाखेत कागद दिला नव्हता. मग भाऊंनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बघा काही सापडतंय का. वसुली अधिकाऱ्याशी झालेलं दीड वर्षाचं व्हॉट्सअॅप मी वर वर ढकलत गेले. सणांच्या शुभेच्छा, हप्त्याच्या आठवणी, एक गाण्याचा व्हिडिओ. आणि डिसेंबर २०२३मध्ये नव्या घराच्या लाइटबिलाचा फोटो, खाली भाऊंचा मेसेज, 'पत्ता बदलला आहे दादा', त्याखाली उत्तर: 'ओके भाऊ, नोट केलं.'

मी त्यांना तिथेच सांगितलं, हा फोन विकायचा नाही, बदलायचा नाही, रिसेट करायचा नाही. अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब खाली द्यायचं, जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली.

दरम्यान विक्रीची नोटीस निघाली होती. तीही जुन्याच पत्त्यावर! आम्हाला कळलं कारण जामीनदार असलेल्या मेव्हण्याला व्हॉट्सअॅपवर प्रत आली. सात दिवसांत ४ लाख ३ हजार भरा, नाहीतर लिलाव. नुकतेच भरलेले ६५ हजार त्यात कुठेच वजा नव्हते. उतारा समोर ठेवून मी आणि माझ्या ज्युनिअरने ही रक्कम फोडली. उरलेलं मुद्दल आणि व्याज ठीक. सीझिंग चार्ज १८,०००, ज्याची कुठलीही पावती नाही. मुदतपूर्व कर्जफेडीचं शुल्क ४ टक्के, म्हणजे १४ हजारांवर. कर्ज परत मागायचं कंपनीने, आणि मुदतीआधी फेडल्याचा भुर्दंड कर्जदारावर! आणि एक ओळ 'दंडव्याज' नावाची. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने व्याजदरात भर घालून घेतलं जाणारं दंडव्याज बंद केलंय. दंड लावायचा तर शुल्क म्हणून, वाजवी, आणि त्यावर पुन्हा व्याज नाही. जुन्या कर्जांनाही हे ३० जून २०२४पर्यंत लागू करायचं होतं. भाऊंचा पहिला बाउन्स जुलैचा.

लोकपालाकडे जायचं का, असं भाऊंनी विचारलं. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना फुकट आहे, १४४४८ नंबर आहे, ऑनलाइन तक्रार होते. पण आधी कंपनीकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, आणि लिलाव सात दिवसांवर होता. म्हणून २७ सप्टेंबरला त्या वेळच्या ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. कंपनीचं मुख्यालय परराज्यात आहे म्हणून अडत नाही, २०१९च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाता येतं. फी शेकड्यातच. सोबत कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज: निकाल लागेपर्यंत गाडी विकू नका, आरटीओत नावावर करून घेऊ नका. दुसरी ओळ लोक विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली ताबा घेतलेला फायनान्सर आरसी स्वतःच्या नावावर मागू शकतो आणि आरटीओ नोंदणीकृत मालकाला आधी कळवतं. ते कळवणंही जुन्याच पत्त्यावर गेलं असतं. म्हणून पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातही नव्या पत्त्यासह एक अर्ज देऊन आलो.

कंपनी काय बोलणार ते ठरलेलं असतं. एक, गाडी व्यावसायिक आहे, हे ग्राहकच नाहीत. पण एकच गाडी, स्वतः चालवून पोट भरायचं, ही स्वयंरोजगाराची बाब, आणि कायद्याच्या व्याख्येतच तिला मोकळीक आहे. एखाद्या दिवशी भाच्याने चालवली म्हणून भाऊ ट्रान्सपोर्ट कंपनी होत नाहीत. दोन, वाद लवादाकडे, म्हणजे आर्बिट्रेटरकडे, न्यायचं कलम करारात आहे. सुप्रीम कोर्टाच्या एम्मार एमजीएफ प्रकरणातल्या २०१८च्या निकालानंतर लवादाचं कलम ग्राहक आयोगाची वाट अडवत नाही. मॅनेजर फोनवर म्हणाले होते, 'आमच्याकडे आर्बिट्रेटरची ऑर्डर आहे.' मी म्हणाले, पाठवा. आली नाही.

अंतरिम अर्जावर ७ ऑक्टोबर ही तारीख पडली. ४ तारखेला, शुक्रवारी, कंपनीच्या वकिलांचा फोन आला.

प्रस्ताव असा होता: गाडी परत, सीझिंग आणि यार्डाचे पैसे माफ, दंडव्याज उलटं फिरवणार, सप्टेंबरअखेर खातं नियमित धरून उरलेले १६ हप्ते पूर्वीप्रमाणे. बदल्यात तक्रार मागे. टोमॅटोच्या नुकसानीबद्दल काही नाही.

मला भांडायचं होतं, हे कबूल करते. नोटीस चुकीच्या पत्त्यावर, सही भाच्याची, माल निरंक. इतकं स्वच्छ प्रकरण रोज येत नाही. भाऊंनी दोनच प्रश्न विचारले. 'जिंकलो तर किती?' मी मॅग्माचे पंधरा हजार पुन्हा सांगितले, वर टोमॅटोचे थोडेफार. 'आणि किती दिवस?' मी उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, 'द्राक्षं चालू व्हायच्या आत गाडी पाहिजे मॅडम.' मसुद्यात एक वाक्य मी हट्टाने घालून घेतलं: सिबिलकडे या तीन महिन्यांची नोंद दुरुस्त करून पाठवायची. टोमॅटोचे १४ हजार भाऊंच्या अंगावर पडले ते पडलेच.

९ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या तीन दिवस आधी, आम्ही विल्होळीला गेलो. यार्डात गवत कमरेएवढं, ओळीने उभ्या गाड्या, काहींच्या काचांवर अजून गणपतीची स्टिकरं. पिकअपची बॅटरी उतरलेली होती, धक्का मारून सुरू केली. ताडपत्री नव्हती. जॅक होता, पण दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. ताबापावतीवर सही करायला यार्डातल्या मुलाने पेन पुढे केलं. भाऊंनी पेन घेतलं, पण वाकून आधी मीटर बघितला. १,१२,५१२. दहावा मैल ते विल्होळी फार तर तीस किलोमीटर.

'बाकीची गाडी कुठं फिरली?'

मुलगा म्हणाला, 'काका, ते आम्हाला काय माहीत? सही करा, गाडी तर मिळाली ना.'

भाऊ पावती बॉनेटवर ठेवून लिहायला लागले: ताडपत्री नाही, जॅक बदललेला, मीटर ८२ किलोमीटर जास्त. अक्षर मोठं, ओळी तिरक्या, समासात जागा पुरली नाही तेव्हा त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पुढे लिहीत राहिले.